स्वस्त विमानसेवेने प्रवास करणाऱ्या दिव्यांग प्रवाशासाठी: तिकिटापासून तक्रारीपर्यंत

स्वस्त विमानसेवेचे तिकीट स्वस्त का असते हे समजले, की दिव्यांग प्रवाशाची अडचण नेमकी कोठे होते तेही समजते. या कंपन्यांचे विमान उतरल्यापासून पुन्हा उडेपर्यंत साधारण अर्धा तासच जमिनीवर थांबते. पुष्कळदा ते टर्मिनलला लागून उभे न करता लांबच्या जागी उभे केले जाते आणि प्रवाशांना बसने नेऊन शिडीने वर चढवले जाते. व्हीलचेअर ढकलणारे मदतनीस बहुतेक वेळा कंत्राटी एजन्सीचे असतात. तुम्ही तिकीट काढताना सांगितलेली गरज त्यामुळे आरक्षण कक्ष, चेक-इन काउंटर, मदतनीस, ॲम्ब्युलिफ्टचा (प्रवाशाला खुर्चीसकट विमानाच्या दारापर्यंत वर उचलणाऱ्या गाडीचा) चालक आणि विमानातील कर्मचारी अशा पाच-सहा हातांतून जाते आणि प्रत्येक हाताला थोडी थोडी गळत जाते. गेली काही वर्षे मी व्हीलचेअरवरून असा प्रवास करते आहे. आपली गरज अचूक शब्दांत, लेखी स्वरूपात आणि प्रत्येक हाताला नव्याने सांगावी, एवढीच गोष्ट या सगळ्या प्रवासांत मला खात्रीने उपयोगी पडली आहे. पुढचा सगळा लेख हे कसे करावे याविषयी आहे, आणि तो मुख्यतः भारतातील देशांतर्गत प्रवासापुरता आहे.

आधी नियम माहीत असावेत

नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, दिव्यांग आणि चालण्याफिरण्यात अडचण असलेल्या प्रवाशांसाठी स्वतंत्र नियमावली केलेली आहे. नागरी विमान वाहतूक आवश्यकतांच्या विभाग ३, मालिका एम, भाग १ मध्ये ती सापडते. डीजीसीएच्या संकेतस्थळावरून ती उतरवून घ्यावी आणि मोबाइलमध्ये ठेवावी, कारण काउंटरवर वाद झाला तर ‘नियमात असे आहे’ असे म्हणण्यापेक्षा तो परिच्छेद उघडून दाखवणे अधिक परिणामकारक ठरते. तिच्यातील चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात. केवळ दिव्यांगत्वाच्या कारणावरून विमान कंपनीला प्रवास नाकारता येत नाही. ज्याला फक्त चढण्या-उतरण्यात आणि विमानतळावर मदत हवी आहे, अशा प्रवाशाकडून डॉक्टरांचे प्रमाणपत्र किंवा खास फॉर्म मागता येत नाही. प्रस्थान कक्षापासून विमानापर्यंत आणि विमानापासून आगमन कक्षाच्या दारापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनीची असून त्यासाठी वेगळे पैसे घेता येत नाहीत. आणि व्हीलचेअर, कुबड्या, वॉकर यांसारखी साहाय्यक साधने नेहमीच्या सामानाव्यतिरिक्त १५ किलोपर्यंत विनामूल्य न्यावी लागतात.

हे नियम माणसांनी सोसलेल्या त्रासातून घडले आहेत. सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) असलेल्या जीजा घोष १९ फेब्रुवारी २०१२ रोजी कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या असताना स्पाइसजेटच्या विमानातून त्यांना उतरवण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०१६ रोजी त्यांना १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मे २०२२ मध्ये रांची विमानतळावर इंडिगोने एका दिव्यांग मुलाला विमानात चढू दिले नाही, त्याबद्दल डीजीसीएने कंपनीला ५ लाख रुपये दंड केला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये नियम अधिक कडक केला. प्रवासात एखाद्याची प्रकृती बिघडेल असे कंपनीला वाटले, तर आता तिला विमानतळावरील डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागते. डॉक्टरांनी तो प्रवासी प्रवासास योग्य आहे की नाही हे स्पष्टपणे सांगायचे असते, आणि त्यानंतरही कंपनीने नकार दिला तर त्याची कारणे तिने ताबडतोब लेखी द्यावी लागतात. कोणी नकार देऊ लागले तर आवाज न चढवता दोनच वाक्ये बोलावीत: ‘डॉक्टरांना बोलवा’ आणि ‘कारण लिहून द्या’.

तिकीट काढण्यापूर्वी

सर्वांत स्वस्त तिकीट आपल्यासाठी नेहमी सर्वांत स्वस्त ठरत नाही. शक्य असेल तेथे थेट विमान निवडावे, कारण मध्ये विमान बदलावे लागले तर खुर्चीतून आसनावर आणि आसनातून खुर्चीत सरकण्याचे सगळे सोपस्कार दुप्पट होतात आणि स्वतःची खुर्ची मागे राहण्याची शक्यताही वाढते. विमान बदलणे अटळच असेल, तर दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्यावेत आणि मध्ये किमान अडीच-तीन तास ठेवावेत.

विमानाचा प्रकार पाहावा. कोल्हापूर, नांदेड, जळगाव, सिंधुदुर्ग यांसारख्या विमानतळांवर लहान विमाने अधिक येतात. सत्तर-ऐंशी आसनांच्या एटीआर विमानात प्रवासी मागच्या दाराने, छोट्या शिडीवरून चढतात, आतील मार्गिका अरुंद असते आणि सामानाचा कप्पाही लहान असतो, त्यामुळे जड यांत्रिक खुर्ची त्यात मावेल की नाही हे आधीच विचारावे लागते. ‘तुमच्याकडे ॲम्ब्युलिफ्ट किंवा रॅम्प आहे का, आणि तो या विमानाला लागतो का’ हा प्रश्न निघण्याच्या आणि पोहोचण्याच्या अशा दोन्ही विमानतळांसाठी विचारावा. तिकीट काढताना लोक उतरण्याच्या विमानतळाचा विचार विसरतात, आणि अडकतात ते नेमके तेथेच.

आसनासाठी वेगळे पैसे मागितले जातात, तेथे आपली गरज सांगून योग्य आसन मागावे. मार्गिकेकडील आसनावर सरकणे सोपे असते, पण आसनाचा मार्गिकेकडचा हात वर उचलला जाणारा असला तरच त्याचा खरा उपयोग होतो. काही विमानांत तो हात उघडण्याची कळ खालच्या बाजूला लपलेली असते आणि ती कर्मचाऱ्यांनाच माहीत असते. पहिल्या रांगेत पायांना जागा असते, मात्र आसनाचे हात बहुधा न उचलणारे असतात. आपत्कालीन दाराजवळचे आसन दिव्यांग प्रवाशाला मिळत नाही, त्यामुळे जागेसाठी ते विकत घेण्याची चूक करू नये.

मदतीची नोंद: नेमका शब्द

या लेखातील एकच भाग कोणी वाचणार असेल तर तो हा वाचावा. ‘व्हीलचेअर हवी’ एवढे सांगणे अपुरे असते, कारण विमान कंपन्यांच्या भाषेत व्हीलचेअरचे तीन प्रकार आहेत. डब्ल्यूसीएचआर म्हणजे लांब चालता येत नाही, पण शिडी चढता येते आणि विमानात स्वतः चालता येते. डब्ल्यूसीएचएस म्हणजे शिडी चढता येत नाही, पण विमानात आसनापर्यंत चालता येते. डब्ल्यूसीएचसी म्हणजे अजिबात चालता येत नाही, थेट आसनापर्यंत मदत हवी. संकेतस्थळावरील चौकोनात खूण करताना किंवा फोनवर बोलताना कर्मचारी सवयीने पहिला प्रकार नोंदवून टाकतात.

माझ्या पहिल्या प्रवासात हेच झाले. मणक्याच्या इजेमुळे माझे दोन्ही पाय हलत नाहीत, पण मी फोनवर फक्त ‘व्हीलचेअर’ म्हटले होते. विमानाच्या पायथ्याशी पोहोचल्यावर मदतनीस म्हणाला, ‘ताई, थोडं उठून चढा ना.’ ॲम्ब्युलिफ्ट मागवलेलीच नव्हती. सामान चढवणारे दोन लोडर मला खुर्चीसकट उचलायला पुढे आले, मी नकार दिला, आणि चाळीस मिनिटे सगळे विमान माझ्यासाठी थांबले. त्या दिवशी मला वाटलेली लाज खरे तर माझी नव्हती, पण ती मीच सोसली. हाताने उचलून शिडी चढवणे दोघांसाठीही धोक्याचे असते आणि त्याला नकार देण्यात काहीही गैर नाही.

म्हणून कोडबरोबर साध्या भाषेतील वाक्यही द्यावे. मी कंपनीच्या मदतकक्षाला ई-मेलमध्ये असे लिहिते: ‘मला चालता येत नाही आणि पायरी चढता येत नाही. ॲम्ब्युलिफ्ट किंवा एरोब्रिज आवश्यक आहे. विमानाच्या दारापासून आसनापर्यंत आईल चेअर लागेल. आसनावर सरकताना दोन माणसांची मदत लागेल. माझी स्वतःची घडीची खुर्ची मी विमानाच्या दारापर्यंत वापरणार आहे आणि ती मला उतरल्यावर दाराशीच परत हवी आहे.’ एरोब्रिज म्हणजे टर्मिनलमधून थेट विमानाच्या दाराला लागणारा पूल, आणि आईल चेअर म्हणजे विमानातील मार्गिकेतून जाणारी अरुंद खुर्ची. ही खुर्ची वेगळी मागितली नाही तर बऱ्याचदा येत नाही.

ही नोंद तिकीट काढतानाच करावी, आणि उशिरात उशिरा उड्डाणाच्या ४८ तास आधी. आदल्या दिवशी कस्टमर केअरला फोन करून ‘माझ्या पीएनआरवर कोणता कोड दिसतो आहे, तो वाचून दाखवा’ असे सांगावे. दुसऱ्या संकेतस्थळावरून किंवा एजंटमार्फत तिकीट काढले असेल, तर ही खात्री दुप्पट गरजेची आहे, कारण तेथे केलेली खूण कंपनीपर्यंत पोहोचलेली नसते असे मी अनेकदा पाहिले आहे. जाण्याची आणि परतीची नोंदही वेगवेगळी तपासावी, आणि उड्डाणाची वेळ बदलली तर पुन्हा तपासावी.

अंध प्रवाशासाठी बीएलएनडी, कर्णबधिर प्रवाशासाठी डीईएएफ आणि बौद्धिक किंवा विकासात्मक दिव्यांगत्व असलेल्या, सोबतीची मदत लागणाऱ्या प्रवाशासाठी डीपीएनए असे कोड आहेत. अंध व्यक्तीला सरसकट व्हीलचेअरवर बसवण्याची विमानतळांवर वाईट सवय आहे. ‘मला खुर्ची नको, हाताला धरून नेणारी सोबत हवी’ असे स्पष्ट सांगावे आणि बसण्याचा आग्रह मानू नये. सुरक्षा सूचना स्वतंत्रपणे समजावून घेणे हा अंध आणि कर्णबधिर प्रवाशाचा हक्क आहे. कर्णबधिर प्रवाशाने गेट बदलल्याची घोषणा ऐकू येणार नाही हे गेटवरील कर्मचाऱ्याला लिहून दाखवावे आणि त्याच्या नजरेसमोर बसावे. स्वमग्न मुलांच्या पालकांनी बंगळूर, दिल्ली, हैदराबाद यांसारख्या विमानतळांवर मिळणारी सूर्यफुलाची फीत मागून घ्यावी, म्हणजे न दिसणाऱ्या दिव्यांगत्वाची ओळख कर्मचाऱ्यांना न सांगता पटते.

यांत्रिक खुर्ची आणि तिची बॅटरी

बॅटरीवर चालणारी खुर्ची असेल तर तिकिटाआधीच हा प्रश्न सोडवावा. बॅटरी कोणती आहे यावर सगळे अवलंबून असते. बंद स्वरूपाची, न सांडणारी जेल किंवा एजीएम बॅटरी साधारणपणे खुर्चीतच घट्ट बसवलेली राहू शकते. तिचा विद्युतप्रवाह मात्र बंद केलेला असावा आणि टोके झाकलेली असावीत. लिथियम बॅटरी काढता येणारी असेल, तर ती काढून प्रवाशाने आपल्याबरोबर केबिनमध्ये न्यायची असते. तेव्हा एक बॅटरी असल्यास ती ३०० वॉट-तासांपर्यंत, आणि दोन असल्यास प्रत्येकी १६० वॉट-तासांपर्यंत चालते.

वॉट-तास काढणे सोपे आहे. बॅटरीवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. २४ व्होल्ट आणि १२ अँपिअर-तासांची बॅटरी २८८ वॉट-तासांची होते आणि मर्यादेत बसते. २४ व्होल्ट आणि २० अँपिअर-तासांची ४८० वॉट-तासांची होते आणि एकटी काढून नेण्यासाठी मोठी ठरते. खुर्ची विकत घेतानाच हा हिशेब करणारे फार थोडे भेटतात. ज्यांना विमानाने जायचे आहे त्यांनी दोन लहान बॅटऱ्यांची खुर्ची घ्यावी असे मी आवर्जून सांगेन.

बॅटरीवरील पट्टीचा स्पष्ट फोटो, उत्पादकाचे माहितीपत्रक, खुर्चीचे वजन आणि घडी केल्यावरची लांबी-रुंदी-उंची हे सगळे एका ई-मेलमध्ये पाठवून कंपनीची लेखी संमती घ्यावी, कारण काही कंपन्यांचे स्वतःचे नियम याहून कडक असतात. त्या उत्तराची छापील प्रत सोबत ठेवावी. काउंटरवरील आणि सुरक्षा तपासणीतील माणूस दोघेही कागद पाहून लवकर निर्धास्त होतात.

खुर्ची सामानात देण्यापूर्वी तिचे चारही बाजूंनी फोटो काढावेत. निघू शकणारे भाग, म्हणजे उशी, पायफळ्या, बाजूच्या फळ्या आणि जॉयस्टिक, काढून केबिनमध्ये न्यावेत. खुर्चीला एक जाड कागद बांधून त्यावर हिंदी आणि इंग्रजीत मोठ्या अक्षरांत ‘ही कळ खाली केल्यावर खुर्ची ढकलता येते’, ‘येथून उचला, हातापासून उचलू नका’ असे लिहावे आणि बाण काढावेत. खुर्ची मोडते ती बहुधा द्वेषाने नव्हे, तर ती कशी हलवायची हे लोडरला कोणी न सांगितल्याने.

शरीराची तयारी

प्रसाधनगृहाला जावे लागू नये म्हणून आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करणारे आपल्यात अनेक आहेत, आणि मीही ते करत असे. ते धोक्याचे आहे. त्यापेक्षा निघण्याच्या तासभर आधी कॅथेटर वापरून मूत्राशय रिकामे करावे, लेग बॅग (पायाला बांधायची लघवीची पिशवी) किंवा डायपर वापरावा आणि थोडे थोडे पाणी पीत राहावे. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्यांचा रक्तदाब मूत्राशय भरल्याने एकाएकी चढू शकतो, म्हणून त्यांनी सोबतच्या माणसाला याची लक्षणे सांगून ठेवावीत. औषधे, कॅथेटर आणि एक दिवसाचे जादा साहित्य हातातल्या पिशवीतच असावे. प्राणवायूची गरज असेल तर स्वतःचे सिलिंडर नेता येत नाही. हवेतून प्राणवायू वेगळा करणाऱ्या छोट्या यंत्राला कंपनीची पूर्वपरवानगी लागते, आणि अशा वेळी डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागण्याचा कंपनीला अधिकार असतो.

विमानतळावर

देशांतर्गत उड्डाणासाठी अडीच तास आधी पोहोचावे. चेक-इन काउंटरवर पहिले वाक्य आपल्या गरजेचे असावे, आणि स्वतःची खुर्ची तेथेच मागितली तर नम्रपणे नकार द्यावा. स्वतःची साधी खुर्ची विमानाच्या दारापर्यंत वापरण्याचा पर्याय नियमात आहे. विमानतळाची मोठी खुर्ची घेतली तर बेडसोरचा धोका वाढतो, तोल जातो आणि आपण स्वतः चाक फिरवू शकत नाही. दारापर्यंत जाणाऱ्या खुर्चीला वेगळा टॅग लागतो, तो लावल्याशिवाय काउंटर सोडू नये.

सुरक्षा तपासणीत सोबतच्या माणसाला पुढे पाठवू नये. खुर्चीवरील प्रवाशाची तपासणी हाताने आणि स्फोटकांचा अंश शोधणाऱ्या पट्टीने करता येते. कृत्रिम पाय किंवा हात वापरणाऱ्यांनी सुरुवातीलाच तसे सांगावे आणि आडोशाची खोली व आपल्याच लिंगाचा कर्मचारी मागावा. ऑक्टोबर २०२१ मध्ये नृत्यांगना-अभिनेत्री सुधा चंद्रन यांनी प्रत्येक वेळी कृत्रिम पाय काढायला लावतात अशी व्यथा जाहीरपणे मांडली, तेव्हा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने त्यांची माफी मागितली होती. सर्वांसमोर कपडे वर करण्याची किंवा अवयव काढण्याची वेळ आली तर वरिष्ठ अधिकाऱ्याला बोलावण्यास सांगावे.

गेटवर पोहोचल्यावर मदतनीस निघून जातो आणि परत येताना उशीर करतो, हा नेहमीचा अनुभव आहे. त्याचा दोष एकट्या मदतनिसाला देता येत नाही, कारण धडधाकट माणसेही रांग टाळण्यासाठी व्हीलचेअर मागतात आणि खुर्च्या व माणसे कमी पडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबई विमानतळावर पत्नीसाठी एकच खुर्ची मिळाल्याने तिच्याबरोबर चालत निघालेले ऐंशी वर्षांचे प्रवासी कोसळले आणि मरण पावले. त्याबद्दल संबंधित विमान कंपनीला ३० लाख रुपये दंड झाला. ज्यांना गरज नाही त्यांनी खुर्ची मागू नये, ही विनंती मी येथे मनापासून करते. आपण मात्र गेटवरील कर्मचाऱ्याला ‘ॲम्ब्युलिफ्ट निघाली का’ हे उड्डाणाच्या तासभर आधी विचारावे आणि इतरांच्या आधी चढवण्याची मागणी करावी.

विमानात

आसनावर सरकताना सूत्रे आपल्या हाती ठेवावीत. एकाने पाठीमागून काखेत हात घालून छातीशी धरावे, दुसऱ्याने गुडघ्यांखाली धरावे, आणि ‘एक-दोन-तीन’ आपण म्हणावे. हात ओढून किंवा पँटच्या पट्ट्याला धरून उचलू देऊ नये. आपली उशी विमानाच्या आसनावर घालता येते, आणि दर अर्ध्या तासाने हातांवर भार देऊन किंवा एका बाजूला कलून बसण्याच्या भागावरचा दाब मोकळा करावा. विमानातील कर्मचारी प्रसाधनगृहाच्या दारापर्यंत मदत करतात, पण आत मदत करणे, भरवणे किंवा औषध देणे हे त्यांचे काम नसते. ते लागत असेल तर सोबत माणूस असावा. उतरण्याच्या वीस मिनिटे आधी कर्मचाऱ्याला सांगून ‘माझी खुर्ची दाराशी हवी आहे, खाली कळवा’ असे पुढच्या विमानतळाला कळवायला लावावे.

उतरल्यावर आणि तक्रार

आपण सर्वांत शेवटी उतरतो. स्वतःची खुर्ची दाराशी आलेली नसेल आणि ‘ती सामानाच्या पट्ट्यावर मिळेल’ असे सांगितले गेले, तर ती आणेपर्यंत आसनावरच थांबण्याचा आग्रह धरता येतो. खुर्ची हातात येताच चाके, ब्रेक आणि सांगाडा तपासावा. मोडतोड दिसली तर विमानतळ सोडण्यापूर्वी कंपनीच्या सामान कक्षात मालमत्ता अनियमितता अहवाल, म्हणजे पीआयआर, लिहून घ्यावा आणि त्याची प्रत मागावी. लेखी तक्रारही सात दिवसांच्या आत ई-मेलने करावी. देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईची मर्यादा महागड्या खुर्चीच्या किमतीपेक्षा फारच कमी असते, म्हणून लाखाच्या घरातील खुर्ची असेल तर निघतानाच तिचे मूल्य लेखी जाहीर करावे आणि वेगळा विमाही पाहावा.

वागणुकीबद्दलची तक्रार आधी कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे करावी, समाधान झाले नाही तर तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे, आणि त्याबरोबर केंद्र सरकारच्या एअरसेवा ॲपवर नोंदवावी. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खालील हक्कांसाठी दिल्लीतील मुख्य आयुक्तांकडे किंवा महाराष्ट्रात पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे अर्ज करता येतो. अर्जात पीएनआर, दिनांक, उड्डाण क्रमांक, नोंदवलेला कोड, मदत मागितल्याची वेळ आणि ती मिळाल्याची वेळ लिहावी, आणि पाठवलेला ई-मेल जोडावा. वेळा मोबाइलवर त्या त्या क्षणी टिपून ठेवलेल्या असतील तर अर्ज लिहायला अर्धा तासही लागत नाही. परतीचे विमान अजून बाकी असेल, तर हाच अर्ज पाठवताना परतीच्या पीएनआरवरील कोड त्याच दिवशी पुन्हा वाचून घ्यावा.